आबाची बाराबोअर

अकरा वेळा. माझ्या कवितेत मी बंदूक हा शब्द अकरा वेळा वापरला होता. मोजला मी नाही, आबानं मोजला.

२०१७ ची चौदा एप्रिल. विहारासमोर मांडव. मी अठराचा, सूतगिरणीत नुकताच डॉफर म्हणून लागलेला. रात्रपाळी करून डोळे लाल झालेले, तेच डोळे घेऊन स्टेजवर गेलो आणि कविता वाचली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. शेजारच्या वस्तीतल्या एकानं तर खाली उतरल्यावर मिठीच मारली. आबा मागं, सतरंजीच्या कडेला बसलेला. घरी जेवता जेवता म्हणाला, "चांगली हाय. अकरा बंदुका हाईत तुझ्या कवितेत. त्या अकरा बंदुका साफ कोन करतं रं?"

मी गप्प. आई तोंडाला पदर लावून हसली.

म्हणून दोस्तांनो, अंकासाठी कविता मागितली होती तरी मी हे देतोय. बंदूक साफ कशी करतात, ते. आबाच्या हाताखाली शिकलेलं. कुणाला वाटेल हा काय विषय झाला! वाटू दे.

आबा म्हणजे माझा बाप. महार रेजिमेंटमध्ये सतरा वर्षं काढली. सागरला ट्रेनिंग, मग देशाचे जे जे कोपरे आपण नकाशात बघतो तिथं. २००१ ला पेन्शन घेऊन आला, फंडातल्या पैशातून बाराबोअरची एकनळी घेतली, लायसन काढलं आणि गिरणीच्या गेटवर गनमॅन म्हणून उभा राहिला. पगाराची रोकड बँकेतून यायची त्या दिवशी जीपमध्ये पुढं बसायचा. बाकी महिनाभर गेट. २०१६ ला नोटाबंदी झाली, पगार खात्यावर जायला लागला आणि बंदुकीचं काम संपलं. मॅनेजरनं आबाच्या हातात काठी दिली. पण रविवारी बंदूक ट्रंकेतनं बाहेर निघायचीच.

आता बारा म्हणजे काय, हे मलाही कवितेनंतरच कळलं. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी धरायची. अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं की नळी बाराची. आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्यांचा पौंड भरला तर नळी विसाची, म्हणजे बारापेक्षा बारीक. आकडा वाढला की माप लहान. गिरणीतल्या माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही. आमच्या सुताच्या काउंटचं तेच आहे. चाळीसचं सूत विसाच्या सुतापेक्षा बारीक, आणि तिथंही हिशेब पौंडाचाच. साहेबानं सूत आणि बंदूक एकाच तराजूवर मोजली.

आबाचं पहिलं काम साफ करणं नव्हतं. पहिलं काम काडतुसं मोजणं. काडतुसं एका ट्रंकेत, बंदूक दुसऱ्या ट्रंकेत, दोन्ही ट्रंका वेगळ्या खोलीत. आमच्या दोन खोल्यांच्या घरात याहून लांब ठेवता येत नव्हती. मोजून झाली की काडतुसांच्या ट्रंकेला कुलूप, आणि मगच बंदुकीला हात. साफसफाई चालली असताना त्या खोलीत एकही काडतूस नको. खिशात नको, फळीवर नको, पोराच्या खेळण्यात नको.

मग पडवीत यायचं. नळीचं तोंड परड्यातल्या मातीच्या ढिगाकडं. बोट चापापासून लांब, बाहेरच्या कडीवर सरळ. मागची कळ दाबली की नळी मधोमध दुमडते आणि काडतुसाचं घर उघडं पडतं. तिथं डोळ्यानं बघायचं. बघून झालं की करंगळी घालायची. "अंधारात डोळा फसतो. घाईत बी फसतो. बोट न्हाई फसत." मग मोठ्यानं म्हणायचं, "खाली है." पलटणीतली सवय. आबा म्हणायचा, मग मी बघायचो, करंगळी घालायचो आणि मीपण म्हणायचो, खाली है.

२०१३ ला मी चौदा वर्षांचा होतो. सहा महिने आबाशेजारी बसून चिंध्या कापल्या होत्या, सगळं पाठ झालं होतं. एका रविवारी आबानं दुमडलेली बंदूक माझ्यापुढं धरली. शेजारचा दोस्त क्रिकेटला बोलवत होता. मी वरच्यावर मान फिरवली आणि म्हणालो, खाली है. आबा काही बोलला नाही. त्यानं नळीत बोट घातलं आणि काडतूस बाहेर काढलं. उडवून झालेलं, रिकामं टरफल होतं ते. मुद्दाम घातलेलं. माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "हे भरल्यालं असतं तर तुजी आई आता कुटं बसलीय बग."

आई चुलीपुढं होती. बंदुकीचं तोंड नव्हतं तिच्याकडं, तसं आबानं होऊ दिलं नसतं. पण मी बघितलं. त्यानंतर एक वर्ष मला बंदुकीला हात लावू दिला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते टरफल अजून माझ्याकडं आहे. लाल प्लास्टिकचं, पितळी बूड, मध्ये टोपीवर ठोक्याचा खळगा.

पेपरात बातमी येते, 'बंदूक साफ करताना गोळी सुटली'. आबाला त्या वाक्याची चीड होती. म्हणायचा, साफ करताना गोळी सुटत न्हाई, बघायचं ऱ्हायलं की सुटती. गेटवरच तसं घडलं होतं. पाळी बदलताना दुसऱ्या गनमॅननं बंदूक केबिनमध्ये पुसायला घेतली. आत काडतूस. नशीब, तोंड खाली होतं. फरशी फुटली, छर्रे उसळले आणि चहा घेऊन आलेल्या पोराच्या पोटरीत घुसले. गिरणीनं दवाखान्याचा खर्च दिला आणि कागदावर 'पडून जखमी' असं लिहून घेतलं. कुठल्या गिरणीनं ते विचारू नका, मी अजून रोजी तिथंच कमावतो. पोरगा अजून लंगडतो.

आता साफसफाई. एकनळीचे तीन भाग होतात: दस्ता, नळी आणि नळीखालचं लाकूड. लाकूड आधी उतरायचं, मग नळी आकड्यातून सुटते. नळी हातात घेऊन उजेडाकडं धरून आरपार बघायची. आता बघायला हरकत नाही, कारण ती नुसती नळी आहे. जोडलेल्या बंदुकीच्या तोंडात कधीच डोळा घालायचा नाही. खाली आहे हे देवानं येऊन सांगितलं तरी नाही. (देव आपण मानत नाही, ते वेगळं.)

गज लाकडाचा, तीन तुकड्यांचा, पेचानं जोडायचा. गज काडतुसाच्या बाजूनं घालायचा आणि तोंडाकडं काढायचा, उलटा नाही. उलटा घातला तर सगळी काजळी मागच्या कळपुर्ज्यांत येऊन बसते आणि नळीची कडही झिजते. पहिल्यांदा कोरडी चिंधी. ती काळी निघते. मग मळ काढायच्या औषधात भिजवलेली चिंधी, मग पितळी ब्रश, मग थोडा वेळ थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. औषधाला काम करू द्यायचं. त्या वेळात आबा बिडी ओढायचा नाही. औषध नसलं तर रॉकेल वापरायचो, पण रॉकेल मळ काढतं, गंज अडवत नाही, म्हणून नंतर पुसून तेल लावावंच लागतं. चिंध्या बदलत राहायच्या. काळी, करडी, पिवळट, मग पांढरी. करड्या रेघा शिशाच्या. तुळतुळीत डाग असतो तो काडतुसातल्या प्लास्टिकच्या बुचाचा, तो ब्रशशिवाय हलत नाही. जिथं काडतूस मागं ओढलं जातं त्या पट्टीखाली टूथब्रश घालायचा. सगळ्यात जास्त घाण तिथं साठते आणि सगळ्यात कमी लोक तिथं बघतात.

शेवटची चिंधी तेलाची. तेल कमी. "डोक्याला लावल्यासारकं थापू नगंस." जास्त तेल घातलं तर ते उतरून दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड कुजतं, नाहीतर दारूच्या राखेत मिसळून चिकटा होतो. आम्ही रिंगफ्रेमवर हेच बघतो. स्पिंडलला तेल नसेल तर जळतो, जास्त झालं तर सुतावर डाग. मी एकदा हुशारी करून गिरणीतलं स्पिंडल ऑइल बाटलीतून आणलं. पाण्यासारखं पातळ, बंदुकीला अगदी बेस. आबानं वास घेतला आणि विचारलं, "गेटपास दावलास?" दुसऱ्या दिवशी बाटली परत न्यायला लावली. मग दहा रुपयांचं शिवणमशीनचं तेल आणलं.

कॉटन वेस्टही चालत नाही. गिरणीत आपण सगळं वेस्टनं पुसतो, पण त्याचे तंतू सुटतात, पुर्ज्यात अडकतात आणि ओल धरतात. चिंधी जुन्या धोतराची किंवा बनियनची, घट्ट विणीची. आमच्याकडं आईच्या पांढऱ्या साडीची होती. दर दीक्षादिनाला नेसून नेसून विरलेली.

चिंध्या मोजायच्या. किती आत गेल्या, किती बाहेर आल्या. एखादी आत राहिली आणि कुणी गोळी झाडली तर नळी फुगते, फुटते, धरलेल्या हाताची बोटं जातात. तसंच विसाचं काडतूस. बाराच्या नळीत ते घातलं की घसरून पुढं जाऊन अडकतं. नळी मोकळी दिसते. वरनं बाराचं घातलं की संपलं. म्हणून विसाची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत आहे. आबा पिवळं काडतूस घरातच येऊ द्यायचा नाही.

आणि पाऊस. आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीसुद्धा घाम गाळतात. नवख्याला वाटतं बंदूक कव्हरमध्ये घालून ठेवली की जपली. उलट आहे. कव्हर ओल पितं आणि ती ओल रात्रंदिवस लोखंडाला लावून ठेवतं. ट्रंकेत ठेवताना आबा कव्हर काढायचा. बोटाचा घामही चालत नाही, त्यात मीठ असतं. पुसून झालं की लोखंडाला बोट न लावता फडक्यानं धरून ठेवायची. नळीला खड्डा दिसला, जोड हलायला लागला, तर घरात कानस घेऊन बसायचं नाही, लायसन असलेल्या कारागिराकडं न्यायची. शेवटी साबणानं हात. शिसं पोटात जातं, म्हणून हात धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाकडं जायचं नाही.

माठ म्हटलं की बाकीचं आठवतंच आपल्याला. पण आबाच्या तोंडून या घरात माठाला हात लावू नको हे वाक्य फक्त शिशासाठी निघायचं.

एक किल्ली राहिली. काडतुसांच्या ट्रंकेची. ती आबाच्या करगोट्याला असायची. पण ज्या संध्याकाळी आबा प्यायचा, आणि प्यायचा तो कधीकधी, खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी पहिला घोट घ्यायच्या आधी किल्ली सोडून आईच्या हातात द्यायचा. भावकीत भांडण झालं, घरात कुणाचं डोकं फिरलं, तरी किल्ली आईकडं. सकाळी आई चेहरा बघून परत द्यायची. एकदा चार दिवस दिली नव्हती.

हे सगळं मी का लिहितोय? आपल्या अभ्यासवर्गात हत्याराची गोष्ट निघते तेव्हा जीव घुसमटतो म्हणून. २००६ च्या खैरलांजीचं वाचताना पोरांच्या मुठी वळतात. माझ्याही वळतात. मग कुणीतरी म्हणतो, आता बंदूकच पाहिजे. मी त्याला सांगतो, बाबा, कायद्यात आहे. ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ काढ. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात सवर्णांची शस्त्रलायसन्स रद्द करून हत्यारं सरकारजमा करायची, आणि गरज वाटली तर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना लायसन द्यायची, असं लिहिलंय त्यात. पोरं डोळे मोठे करून बघतात. मग मी विचारतो, आपल्या तालुक्यात या नियमाखाली लायसन मिळालेला एक माणूस दाखवा. अजून कुणी दाखवला नाही.

आणि समजा उद्या मिळालं. दहा बाय बाराची खोली, त्यात तीन पोरं, एक म्हातारी, पिणारा भाऊ. काडतुसं कुठं ठेवणार? किल्ली कुणाकडं देणार? रविवारी दोन तास बसून चिंध्या कोण मोजणार? हे विचारलं की म्हणतात, तू भित्रा झालास. माझ्या कवितेतल्या अकरा बंदुकांना कुलूप नव्हतं, तेव्हा मी शूर होतो.

हत्यार आपल्या हातात नवं नाही. कोरेगावला १८१८ ला होतं. पुढं साहेबानं लढाऊ जात आणि बिनलढाऊ जात असं ठरवलं आणि १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद केली. १८७८ च्या शस्त्रकायद्यानं आधीच लायसनशिवाय हत्यार गुन्हा झालेला. महूच्या छावणीत सुभेदार रामजींच्या घरी बाबासाहेब तेव्हा रांगत होते म्हणा. पेन्शनरांनी अर्ज केले. १९१७ ला गरज पडली, १११ महार उभी केली. १९२१ ला मोडली. पुन्हा १९४१ ला दुसरं महायुद्ध, पुन्हा गरज, मग बेळगावात महार रेजिमेंट. गरज असली की हातात बंदूक, संपली की काठी. आबाला हे कुणी शिकवलं नव्हतं. गिरणीच्या गेटवर कळलं. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणखात्यात घेत नव्हते, कारण तिथं धागा तोंडानं ओढायचा असायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला. धागा बाटतो, पाणी बाटतं, बंदूक बाटत नाही वाटतं? फक्त देताना विचार करतात.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आबा गेला. सत्तावन्नचा. आबा होता तोवर त्याच्या समोर मी बंदूक धरत होतो, लायसनदाराच्या हजेरीत तेवढं कायदा चालवून घेतो. आबा गेल्यावर ती बंदूक माझ्यासाठी बेकायदा. चौथ्या दिवशी चुलत्याला घेऊन ठाण्यात कळवलं, पोलीस आले, बंदूक आणि काडतुसं मोजून घेऊन गेले, पावती दिली. गज आणि चिंध्या घरातच राहिल्या. त्यांना लायसन लागत नाही.

वारसाला लायसन मागता येतं, २०१६ च्या नियमांत आहे. मी कलेक्टर कचेरीत अर्ज टाकला. तिथनं कागद ठाण्यात चौकशीला आला आणि अडकला. २०१८ च्या तीन जानेवारीला बंद होता, रस्त्यावर आपण सगळे होतो, त्या गुन्ह्यात माझं नाव आहे. दगड मारला नव्हता, निळा झेंडा धरला होता. टेबलामागच्या माणसानं कागद उलटापालटा केला आणि विचारलं, "तुला कशाला पाहिजे बंदूक?" मी म्हणालो, साफ करायला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

आई म्हणते सोड, विकायची परवानगी माग. तिचं खोटं नाही. आबानं गेटवर वीस वर्षांत एकदाही गोळी झाडली नाही, मलाही झाडायची नाही. तरी मी अर्ज मागं घेत नाही. नीट सांगता येत नाही का ते.

२०२४ च्या जूनमध्ये पुन्हा ठाण्यात गेलो. लोकसभेसाठी जमा केलेली हत्यारं लोक परत न्यायला आले होते. बाहेर गाड्या लागलेल्या. बागायतदार, संस्थांचे संचालक, दोननळ्या खांद्याला अडकवून हसत खिदळत निघाले होते. सगळे गेल्यावर कोपऱ्यात आबाची एकनळी दिसली. कव्हरमध्ये. कव्हरवर पांढरी बुरशी.

हवालदार म्हातारा होता, रिटायर व्हायला आलेला. मी म्हणालो, साहेब, मी हात लावत नाही, तुम्हीच कव्हर काढा. आणि पिशवीतनं गज काढून टेबलावर ठेवला. दोन वर्षं प्रत्येक चकरेला तो पिशवीत असायचा. त्यानं एकदा गजाकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. कव्हर काढलं. भिंतीकडं तोंड करून बंदूक दुमडली, आत बघितलं. मी म्हणालो, करंगळी घाला. त्यानं घातली.

"खाली आहे," म्हणाला.

नळी सुटी करून खिडकीकडं धरली. आरपार काही दिसेना. तोंडाशी कोळ्यानं जाळं केलेलं. चिंध्या मात्र मी घरीच विसरलो होतो. रुमाल काढला, दातानं कड तोडून पट्टी फाडली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं काडतुसाच्या बाजूनं गज घातला, बरोबर घातला, आणि पुढं ढकलला. पट्टी तोंडातनं बाहेर आली ती विटकरी तांबडी.

"दुसरी दे," हवालदार म्हणाला.